गमछ्याखालचा हात

४ मार्च १९५८, मंगळवार. गोंदिया

ही वही हिल्डाबाईंनी दिली. रोज थोडं लिहीत जा, डोकं थंड राहतं, असं म्हणाल्या. माझं डोकं किती तापतं ते त्यांना एवढ्यात कळलं म्हणायचं.

आज बैलबाजार, आणि बाबा घरात. या माघाआधी असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यातही मंगळवारी बाबा गमछा खांद्यावर टाकून निघाले होते. पण माघात लकवा मारला, तो उजवा हात, उजवा पाय आणि जीभ घेऊन गेला. आता तोंडातून फक्त ‘हं’ निघतो. कधी होकाराचा, कधी रागाचा.

फुलचूरच्या वाटेवरच्या आंबराईत बाजार भरतो आणि बाबा तिथले दलाल. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नाहीत. दलाल आधी विकणाऱ्याचा हात गमछ्याखाली धरतो, मग घेणाऱ्याचा, आणि बोटं दाबून भाव ठरतो. भोवती उभ्या असलेल्यांना गमछा हललेला दिसतो, भाव कळत नाही. कोणतं बोट म्हणजे काय, ते पुरुषांनाच ठाऊक. मी दलालाची मुलगी, पण मला विचाराल तर मलाही नाही.

आंब्याखाली बाबांची बसायची जागा आहे. माझ्या आज्यापासूनची. ती रिकामी राहिली की बाजाराचा ठेकेदार दुसऱ्याला देणार. जागा गेली की या घरात चूल पेटायची ती माझ्या शिकवण्यांवर, आणि शिकवणी म्हणजे एकट्या हिल्डाबाई. त्यांचा नवरा इथल्या एका राइस मिलमध्ये जर्मनीची मशीन बसवायला आला आहे. मी त्यांना हिंदी शिकवते.

संध्याकाळी सेवकराम काका आले. बाबांचे चुलतभाऊ. “पोरी, तू कायले फिकर करून राहिली? मी बसतो ना तिथं, तुया बापाच्या नावानं.” किती जीव लावतात काका. बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून पडले. आजारानं माणूस चिडचिडा होतो.

उद्या होळी. पुरण घालायचं मन नाही.

९ मार्च

आज सांगून टाकलं. बाबांच्या जागेवर मी बसणार.

काका आधी हसले. मग त्यांना कळलं की मी हसत नाही. “बाईमाणूस? त्यात रांडमुंड? कोण देणार वो तुया हातात हात? गमछ्याखाली परपुरुषाचा हात धरशील काय तू?”

“बैलाचा भाव धरीन,” मी म्हटलं.

“लोकं काय बोलतीन?”

“लोकं आता काय गप बसले आहेत? नवरा गेला तेव्हा सडक अर्जुनीत सासरचे बोलले, परत आले तेव्हा इथले बोलले. बोलणारे थकत नाहीत, मग मी काऊन थकू?”

बाबांनी डाव्या हातानं पाण्याचा लोटा ढकलून दिला. सगळं अंथरूण भिजलं. काका म्हणाले, पहा, बापालाही पटत नाही. मला फार वाईट वाटलं, पण चादर बदलताना मी बाबांना सांगितलं की तुम्ही फेका लोटे, मी बसणारच.

एक नवीनच दुखणं लागलं आहे त्यांना. मी जवळ बसले की डाव्या हातानं माझी बोटं पकडतात. दोन बोटं दाबतात, सोडतात, तळव्यात अंगठा रोवतात, परत बोटं. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, नसा ओढतात. मी हात सोडवून घेते, कामं पडलेली असतात. मग ते ‘हं हं’ करत रागावतात.

१४ मार्च

हिल्डाबाईंशी भांडण.

मी शिकवायला गेले तर बाई पाय आपटत खोलीत फिरत होत्या. मिलच्या मालकानं त्यांच्या नवऱ्याला म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा, फिरायला मोटार देतो. नवऱ्यानं हो म्हटलं. हा उन्हाळा इथं काढायचा की नाही, हे बाईंना कोणी विचारलंच नाही. “प्रेमिला, ये क्या है मालूम? कूहांडेल!” आणि थुंकल्यासारखं तोंड केलं.

मी अर्थ विचारला. कू म्हणजे गाय, हांडेल म्हणजे व्यापार. गुरांचा व्यापार. त्यांच्या देशात दोघांनी मिळून लबाडीनं काही देवघेव ठरवली की हा शब्द वापरतात. राजकारणातसुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, माझ्या बापानं गुरांच्या व्यापारावर मला सातवीपर्यंत शिकवलं. तुमच्या नवऱ्यानं लबाडी केली तर त्याला लबाडी म्हणा, आमच्या बैलांना मध्ये आणू नका. आणि हिंदीचं पुस्तक तिथंच टाकून आले.

घरी येऊन भाजी जाळली.

१५ मार्च

पुस्तक आणायला म्हणून गेले. खरं म्हणजे तो शब्द डोक्यातून जात नव्हता. शिवी कशी तयार होते, हे कळल्याशिवाय ती परत कशी करायची?

हिल्डाबाईंनी चहा दिला आणि जाड शब्दकोश काढला. शेतकऱ्याची मुलगी आहेत त्या, हे आजच कळलं. सांगू लागल्या की त्यांच्या गावातही गुरांचे व्यापारी येत. तासभर घासाघीस, खोट्या शपथा, निघून जायचं नाटक, परत येणं. शेवटी एकमेकांच्या तळहातावर जोरात टाळी मारली की सौदा पक्का. तसल्या घासाघिशीवरून हा शब्द बदनाम झाला. “और आपकी माँ?” मी विचारलं. “माँ? रसोई की खिडकी में,” त्या म्हणाल्या. गाय आईनं वाढवलेली, धार आईनं काढलेली, आणि टाळी बाहेर वाजायची.

मग शब्द फोडला. कू म्हणजे गाय, ते आपल्या संस्कृतातल्या ‘गो’चंच भावंड आहे म्हणे, फार जुन्या काळी एका घरातून निघालेलं. मला खरं वाटेना, पण कोशात तसं छापलं आहे. हांडेल निघालं ‘हांडेल्न’ या क्रियापदातून आणि ते निघालं ‘हांड’मधून. हांड म्हणजे हात! आधी अर्थ होता हातानं धरणं, हातानं काम करणं. त्यातून व्यवहार करणं आणि पुढे व्यापार. आमच्याकडे ‘हाताळणं’ आहे, अगदी तसंच बनलेलं, पण ते तिथंच थांबलं. त्यांचं बाजारात गेलं.

म्हणजे शिवी नंतरची. मुळात तिथं गाय आहे आणि हात आहे, दुसरं काही नाही. पुरुषाचा हात असंही कुठं लिहिलेलं नाही. मी हे बोलले तेव्हा हिल्डाबाई एवढ्या हसल्या की चहा सांडला.

वाटेत येताना मी माझाच हात पाहत आले. हातानं धरणं. बोट, तळवा, अंगठा.

आणि मिलच्या फाटकाशी पायच थांबले. बाबा!

धावत घरी आले. बाबांजवळ बसून स्वतःच हात पुढे केला. त्यांनी दोन बोटं दाबली, सोडली, तळव्यात अंगठा रोवला. “हा भाव आहे ना बाबा?” ते ‘हं’ म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं. किती दिवस हा माणूस मला शिकवत होता, आणि मी नसांचं दुखणं म्हणून हात सोडवून घेत होते. लोटा फेकला तो माझ्यावरच्या रागानं नव्हता. मी ओक्साबोक्शी रडले.

२४ मार्च

रोज धडे चालू आहेत. मी बोटांनी विचारते, बाबा बोटांनी सांगतात. चुकले की मनगटावर चिमटा काढतात. मनगट दाबलं म्हणजे ‘परवडत नाही’, ते मला या चिमट्यांमुळे जन्मभर लक्षात राहील. अंगठा चोळला तर ‘अजून चढ’. सगळी हाताची भाषा आली. उद्या मंगळवार.

काकांना सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसतील.

२५ मार्च

बाबांचा गमछा घेऊन जागेवर बसले. सगळा बाजार हसला. बायका बैलबाजारात येत नाहीत असं नाही, येतात, पण लांब बांधावर बसतात. आंब्याखाली नाही.

तासाभरानं सुकराम नावाचा व्यापारी समोर येऊन बसला. तोंडभर हसून म्हणाला, “चाल बाई, दाखव तुया बापाची विद्या.” मी गमछा टाकला, हात दिला. त्यानं भाव दाबला नाही. माझा हात कुरवाळत बसला आणि भोवतीच्यांना डोळा मारला.

मी गमछा उचलून फेकला. त्याचा हात माझ्या हातावर तसाच, सगळ्या बाजारासमोर. “पाहा रे सगळे, हा कोणत्या बैलाचा भाव आहे!” मी ओरडले.

हात मागे घेताना त्याला पळता भुई थोडी झाली. लोक हसले, या वेळी त्याला. मला वाटलं जिंकले.

पण चालू सौद्यावरचा गमछा उचलणं म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा गुन्हा. आज्याच्या काळात म्हणे एकानं उचलला होता, तो परत बाजारात दिसला नाही. म्हातारे दलाल उठून ठेकेदाराकडे गेले. येताना पाहिलं तर काका चहाच्या टपरीवर सुकरामला काही सांगत होते. चांगला झापत असतील.

२६ मार्च

ठेकेदार मुन्नालाल घरी आला. बाबांना नमस्कार केला, मला नाही. मग म्हणाला, “बाईजी, गमछा उठाना हमारे यहाँ कभी माफ नहीं हुआ. टिकाराम भाऊ का मुँह देखके एक मौका देता हूँ. अक्षयतृतीया के बाद का जो बाजार है, उस दिन तक एक सौदा करके दिखाओ. गमछे के नीचे, कायदे से. नहीं तो जगह सेवकराम को.”

“सेवकराम काकांनाच काऊन?” मी विचारलं.

“उन्होंने ही माँगी है. आपके बाबा बीमार पड़े, उसी हफ्ते.”

त्याच आठवड्यात! बाबांना तेव्हा डोळा उघडता येत नव्हता, आणि मी काकांना शिरा करून वाढत होते. बाबा भिंतीकडे तोंड का करायचे ते आज कळलं. मी स्वतःला शहाणी म्हणवते, आणि घरातला लकवा झालेला माणूस माझ्यापेक्षा नीट पाहत होता.

काका संध्याकाळी आले तेव्हा दार उघडलं नाही. आतूनच सांगितलं, शिरा संपला.

८ एप्रिल

दोन मंगळवार गेले. बसते, उठून येते. सुकरामची फजिती झाल्यापासून वाह्यात माणसं फिरकत नाहीत, पण चांगलीही नाहीत. एक म्हातारा भला होता. म्हणाला, “माय, तुया बाप देवमाणूस. पण तुया हात धरला तं मायी सून मले जेवाले नाई देणार.” अशा माणसाचा रागही धड येत नाही.

हिल्डाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, मला न विचारता ठरलेलं मी पाळत नाही, मे महिन्यात मी एकटी जहाजानं जाईन. नवरा आता रोज फुलं आणतो. गोंदियात एप्रिलमध्ये फुलं कुठून आणतो देव जाणे.

खोटं कशाला लिहू, आज भीती वाटली. जागा गेली तर बाबा तग धरणार नाहीत.

१५ एप्रिल

आज बांधावर एक बाई भेटली. धुरपताबाई, सडक अर्जुनीकडची. पाणी मागितलं, मी दिलं. तिची गाय त्याच वेळी विकली जात होती. काकांनी माझ्या जागेच्या अगदी कडेला गमछा मांडला आहे आणि त्याखाली धुरपताबाईच्या दिराचा हात होता, शालीकरामचा. बाई पाठ करून बसलेली.

“कितीत जाईल?” मी विचारलं.

“मले काय मालूम? दीर सांगन तेच. मालक गेल्यापासून तोच हात देते.”

“गाय तुमची ना?”

“माई. वासरू होती तवापासून मीच पोसली.”

“मग भाव तुम्हाला हातात नको?”

“बाईच्या हातात भाव देणारा दलाल कुठं हाये?”

मला हिल्डाबाईंच्या आईची खिडकी आठवली. मी इतके दिवस पुरुषांच्या हातांची वाट पाहत बसले होते, बाबांसारखी दलाल व्हायचं म्हणून. आणि इथं बांधावर ओळीनं बायका बसलेल्या.

“मी आहे,” मी म्हटलं. “माझा हात धरला म्हणून तुम्हाला कोणाची सून उपाशी ठेवणार?”

धुरपताबाई जोरात हसली. तिच्या घरी विकायची बैलजोडी आहे. तिथंच पदराखाली तिला बोटांची भाषा शिकवली. एकदाच सांगावी लागली.

२२ एप्रिल, मंगळवार

आजचा बाजार मुन्नालालच्या मुदतीचा शेवटचा.

धुरपताबाई उजाडता उजाडता जोडी घेऊन आली. पांढरी, उंच, एकसारख्या शिंगांची. बाजारात दुसरी तशी नव्हती. दीर मागून धापा टाकत आला. “वहिनी, इकडं या, सेवकरामजी बसून राहिले ना!”

ती माझ्या आंब्याखाली येऊन मांडी घालून बसली. “बैल माये, हात माया,” म्हणाली. मी गमछा टाकला आणि तिनं मला तिचा भाव सांगितला. पक्की बाई! अंगठा चोळून वर दोन बोटं चढवली.

अर्धं काम झालं. पण घेणारा पुरुषच ना. चार जण जोडीभोवती फिरले, दात पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि काकांकडे जाऊन उभे राहिले. काका आरामात पान चघळत होते. “येईन, येईन, जोडी इकडंच येईन,” म्हणत होते. धुरपताबाई जागची हलली नाही. मुन्नालाल पावत्यांची वही घेऊन समोर खाटेवर बसला होता. ऊन डोक्यावर आलं.

दुधराम म्हणून फुलचूरचा शेतकरी आहे. त्याच्या मनात जोडी भरली होती. तिसऱ्यांदा आला, डोकं खाजवलं, माझ्याकडे पाहिलं, गमछ्याकडे पाहिलं आणि परत फिरला. त्याची बायको नंदाबाई बांधावरून उठून आली.

“काऊन फिरून राहिले? जोडी पसंत हाये का नाई?”

“हाये. पण हात कसा देऊ? बाईमाणूस हाये.”

“मंग सरका.” ती माझ्यासमोर येऊन बसली. “मले शिकव वो बाई. रोज भात मोजतो मी, बोटं काऊन नाई मोजू शकणार?”

मी मुन्नालालकडे पाहिलं. तो उठून जवळ आला होता. म्हाताऱ्या दलालांनी एकच गलका केला, हे कायद्यात बसत नाही. मी उठून उभी राहिले. “कायदा सांगा. गमछा आहे. गमछ्याखाली भाव आहे. विकणाऱ्याचा हात आहे, घेणाऱ्याचा आहे, दलालाचा आहे. यात काय नाही ते बोला!”

पावत्यांची वही उघडत मुन्नालाल म्हणाला, “होने दो.”

नंदाबाईला पदराआड शिकवलं, आणि सौदा सुरू झाला. एकदा इकडचा हात, एकदा तिकडचा. नंदाबाईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडीच असती तर फुटली असती. धुरपताबाई उतरेना, नंदाबाई चढेना. भोवती सगळा बाजार गोळा झालेला, शेकड्यानं पुरुष, आणि त्यांना फक्त गमछा हलताना दिसत होता. मला आतून इतकं हसू येत होतं की ओठ चावून बसले. शेवटी नंदाबाईनं बोट चढवलं, धुरपताबाईनं उतरवलं आणि दोघींचे हात मी एकमेकींत दिले. झाला!

मुन्नालालनं पावती फाडली. जागेच्या रकान्यात त्यानं ‘टिकाराम’ लिहिलं, मग थांबून पुढं ‘की बेटी’ लिहिलं. माझं नाव त्याला माहीत आहे, पण असो. काका पानाची पिंक टाकून निघून गेले.

दुधराम बायकोच्या मागे लागला. “कितीत झाला? सांग ना वो.”

“गमछ्याखालचं बाहेर सांगत नसतात,” नंदाबाई म्हणाली. “इतकी वर्सं तुमीच सांगत होते ना मले?”

धुरपताबाई मात्र उठली नाही. दीर गेला, गर्दी पांगली, तरी माझा हात धरून बसली होती. मग हळू आवाजात म्हणाली, “इतका भाव असते काय वो बैलाले?” मी मान डोलावली. “मंग दरसाली तो मले...” पुढचं तिनं गिळलं. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही इतका आला की शालीकराम समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही.

थोड्या वेळानं तिनं पदर खोचला. “पुढच्या मंगळवारी बसून राहशील ना?”

“राहीन.”

“मायी जाऊ येणार हाये. तिची म्हैस हाये,” ती म्हणाली आणि चालू लागली.

२९ एप्रिल, मंगळवार

उशीर झाला. बाबांना आंघोळ घालून, खाऊ घालून निघाले तर ऊन चढलं होतं. आता माझ्या जागेवर कोण येऊन बसलं असेल, या विचारानं झपाझप गेले.

बसलं होतं खरं. धुरपताबाईची जाऊ म्हैस घेऊन. एक कवलेवाड्याची बाई गोऱ्हा घेऊन. अजून दोघीतिघी नुसत्याच, भाषा शिकायला. आणि सगळ्यांच्या मागे एक म्हातारी, रुख्मा नावाची, फाटकं लुगडं, हातात दोरी आणि दोरीला एक बकरी. मला पाहून ती संकोचानं उठली.

“बाई, बकरीचाई धरतेस काय हात? का बैलाचाच?”

आमच्या घराण्यात बकरीचा सौदा कोणी केला नाही. आज्यानं नाही, बाबांनी नाही. शेजारच्या आंब्याखालचे म्हातारे दलाल हसायची वाटच पाहत होते.

मी सगळ्यांत आधी तिलाच बोलावलं. गमछा झटकून पसरला आणि म्हटलं, “बस माय. दे हात.”